प्वारोच्या हातातली जपमाळ

बर्फात अडकलेल्या गाडीपासून एक माणूस पाठ फिरवून चालू लागतो. मागे सगळे प्रवासी श्वास रोखून उभे आहेत. त्याने नुकतंच पोलिसांना धडधडीत खोटं सांगितलं आहे: खुनी बाहेरून आला आणि काम उरकून पसार झाला. आता त्याच्या मुठीत जपमाळ आहे आणि डोळ्यांत पाणी.

'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस'चा आयटीव्हीवरच्या प्वारो मालिकेतला भाग इथे संपतो. ब्रिटनमध्ये तो २०१० साली नाताळच्या दिवशी दाखवला गेला. अगाथा ख्रिस्ती यांच्या १९३४ सालच्या कादंबरीत मात्र अश्रू नाहीत. तिथे डिटेक्टिव्ह हर्क्यूल प्वारो दोन उलगडे मांडतो, एक खोटा आणि एक खरा. रेल्वे कंपनीचा संचालक आणि डॉक्टर खोटा पसंत करतात, प्वारो प्रकरणातून मोकळा होतो आणि दोन-चार ओळींत सगळं आटोपतं. सिडनी ल्युमेट यांच्या १९७४च्या चित्रपटाच्या शेवटी तर चक्क शॅम्पेनचे पेले किणकिणतात.

मेलेला माणूस दयेला पात्र नव्हताच. रॅचेट या नावाने फिरणाऱ्या कॅसेटीने एका लहान मुलीला पळवून नेऊन मारलं होतं आणि पैशाच्या जोरावर तो कोर्टातून सुटला होता. अमेरिकेतल्या १९३२च्या लिंडबर्ग अपहरणाची सावली या कथेवर आहे. त्या मुलीच्या जवळच्या, त्याच गाडीतल्या बारा माणसांनी स्वतःच ज्यूरी होऊन शिक्षा दिली. वाचकाचं मन त्यांच्याच बाजूला झुकतं. माझंही झुकतं. पण पटकथाकार स्ट्युअर्ट हारकोर्ट इतक्या सहजासहजी सोडत नाहीत. भागाच्या सुरुवातीलाच, प्वारोने खोटेपणा उघडा पाडल्यावर एक लष्करी अधिकारी त्याच्या देखत स्वतःला गोळी घालून घेतो. पुढे इस्तंबूलमध्ये जमाव एका बाईवर दगड उचलतो, आणि प्वारो नियम मोडल्याचा परिणाम म्हणून त्याचं समर्थन करतो. नियमावर एवढी निष्ठा असलेल्या माणसाच्या हाती पुढे बारा जणांचे गळे येतात.

आणि इथेच श्रद्धेचा प्रश्न उभा राहतो. प्वारो कॅथलिक आहे. कादंबऱ्यांत या श्रद्धेचा उल्लेख जाता जाता येतो, इथे ती कथेच्या गाभ्याशी आहे. प्वारो प्रार्थना करतो आणि रॅचेटही करतो. कॅथलिक पंथात पापाची कबुली आहे, प्रायश्चित्त आहे आणि त्यानंतर क्षमाही आहे. खरा पश्चात्ताप झाला, तर बालहत्या करणाऱ्यालाही देव क्षमा करू शकतो, असं हा धर्म मानतो. मग देवाने ज्याच्यासाठी दार उघडं ठेवलं, त्याच्यासाठी ते कायमचं लावून टाकण्याचा अधिकार या बारा जणांना कोणी दिला? आणि त्यांना झाकण्याचा प्वारोला?

मराठी वाचकाला यातला खोटं बोलण्याचा पेच परका नाही. कर्णपर्वात कौशिकाची कथा आहे. दरोडेखोरांनी विचारलं, तेव्हा लपलेल्या माणसांची वाट त्याने खरी खरी सांगितली, ती माणसं मारली गेली आणि सत्यवचनी कौशिक नरकात गेला. टिळकांनीही 'गीतारहस्या'तल्या 'कर्मजिज्ञासा' प्रकरणात सत्य आणि अहिंसेच्या अपवादांचा कसून विचार केला आहे. पण कौशिकाच्या खोट्याने निरपराध माणसं वाचली असती. प्वारोच्या खोट्याने वाचतात ते हातांना रक्त लागलेले लोक. म्हणून त्याचा पेच अधिक अवघड आहे, आणि अपवादाच्या आधाराने तो सुटत नाही.

प्वारोने त्यांना सोडलं हे मला योग्य वाटतं. पण ते करताना तो रडला, हे त्याहून योग्य वाटतं. सोडून देण्याचा भार कोणीतरी उचलायला हवा होता, आणि २०१०च्या भागाने तो डिटेक्टिव्हच्याच खांद्यावर ठेवला. १९८६ साली हॉटेलच्या खोलीत बायबल वाचून ख्रिस्ती श्रद्धेकडे वळलेल्या, प्वारो साकारणाऱ्या डेव्हिड सुशे यांनी तो चेहऱ्यावर, काहीही न बोलता दाखवला.

हा भार पुढे उतरत नाही. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या 'कर्टन' या कादंबरीवरचा भाग १३ नोव्हेंबर २०१३ रोजी दाखवला गेला. सुशे यांचा हा सत्तरावा आणि शेवटचा भाग. त्यात दुसऱ्यांना खुनाला प्रवृत्त करणाऱ्या, पण कायद्याच्या हाती न लागणाऱ्या माणसाला प्वारो स्वतः गोळी घालतो. मग तो एकटाच अंथरुणावर पडतो. हातात जपमाळ असते. हृदयविकाराचं औषध त्याने स्वतःच हात पोचणार नाही असं दूर ठेवलेलं असतं.