शून्यावर उभा असलेला गालूफ

जपानी रोल-प्लेइंग गेम थोर कशामुळे होतो, असं त्याच्या चाहत्यांना विचारलं तर कथा, पात्रं, संगीत आणि लढाईची पद्धत अशी उत्तरं येतात. ती खोटी नाहीत, पण कथेसाठी कादंबरी आहे. पात्रं नाटकातही भेटतात. नोबुओ उएमात्सु किंवा कोइची सुगियामा यांचं संगीत तर वाद्यवृंद मैफलीत वाजवतात आणि खेळ न खेळलेला श्रोताही ते मनापासून ऐकतो. मग जे फक्त याच खेळात असतं आणि दुसरीकडे कुठेच सापडत नाही, ते काय? माझ्या मते ते पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या छोट्या चौकटीत असतं: पात्राचं नाव, त्याची लेव्हल आणि त्याच्या अंगातली ताकद दाखवणारा एचपी. या प्रकारातल्या खेळाची थोरवी या आकड्यांवर ठरते. कथेत जे घडतं ते आकड्यांत उतरलं पाहिजे आणि आकड्यांत जे घडतं त्याची कथेने दखल घेतली पाहिजे.

ज्यांनी हे खेळ कधी खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम आले, त्यांच्या कॅसेटमध्ये मारिओ होता, कॉन्ट्रा होता. आठवडेच्या आठवडे चालणारे, ढीगभर संवाद वाचत खेळायचे हे खेळ त्यांत बहुधा नसायचेच. जपानमध्ये मात्र 27 मे 1986 रोजी फॅमिकॉम या व्हिडिओ गेम यंत्रावर ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. कथा-संकल्पना युजी होरी यांची, चित्रं अकिरा तोरियामा यांची. या खेळात तुम्ही एकटे निघता. तटाबाहेर पडलात की निळा, थेंबाच्या आकाराचा स्लाइम भेटतो. त्याला मारलं की अनुभवाचा एक गुण मिळतो. असे सात गुण झाले की तुमची लेव्हल एकवरून दोन होते. पूल ओलांडून पलीकडे गेलात की राक्षस एकदम अंगावर येणारे होतात. तिथे मेलात तर राजासमोर पुन्हा उभे राहता. जवळचं निम्मं सोनं गेलेलं असतं, पण मिळवलेला अनुभव शाबूत असतो.

या व्यवस्थेत एक उदारपणा आहे. मारिओत बोटं चपळ लागतात. ज्याची बोटं चपळ नाहीत तो तिथेच अडकतो. होरींच्या खेळात बोटं मंद असली तरी चालतं, चिकाटी असली की झालं. आज जो राक्षस तुम्हाला दोन फटक्यांत लोळवतो, त्याला चार दिवसांनी तुम्ही एका फटक्यात लोळवता, आणि हे चार दिवस तुमचेच असतात. म्हणून लेव्हलचा आकडा हा पासबुकातल्या शिलकेसारखा असतो. परक्याने पाहिला तर नुसता आकडा, ज्याने साठवला त्याला मात्र त्यातली एकेक भर आठवते. शिवाय होरींनी एक विलक्षण गोष्ट केली. ज्या वाड्यातून तुम्ही निघता, त्याच्या समोरच, पाण्यापलीकडे, शेवटच्या शत्रूचा किल्ला दिसतो. पहिल्या मिनिटापासून तो डोळ्यांसमोर असतो आणि तिथे पोचायला सगळा खेळ लागतो. तुम्ही किती वाढलात हे त्या अरुंद पाण्यावरून कळतं.

पण एवढ्याने आकडा बोलका होत नाही. शंभर खेळांनी ही व्यवस्था उचलली आणि त्यांतल्या बऱ्याच खेळांत ती नुसती खतावणी झाली. लढायचं, गुण घ्यायचे, मग कंट्रोलर बाजूला ठेवून कथेचा तुकडा बघायचा, पुन्हा लढायचं. कथा एका खोलीत आणि आकडे दुसऱ्या. या दोन खोल्यांमधली भिंत सगळ्यांना दिसली ती एका अतिशय गाजलेल्या प्रसंगात. 1997 सालच्या ‘फायनल फॅन्टसी 7’मध्ये पहिली डिस्क संपता संपता एरिथ ही सोबतीण मारली जाते. तोवर तुम्ही तिला तासन्‌तास वाढवलेलं असतं, तिच्यासाठी शस्त्रं घेतलेली असतात. तिच्या मृत्यूनंतर लगेच जी लढाई होते, तिच्यात नेहमीचं बॉसचं संगीत वाजत नाही, एरिथचीच धून चालू राहते. जगभर लोक रडले आणि ते योग्यच होतं. पण त्याचबरोबर एक प्रश्नही जगभर विचारला गेला: फीनिक्स डाउन का नाही वापरलं? हे औषध खेळात दुकानातून विकत मिळतं. लढाईत पडलेल्या सोबत्याला ते उठवतं. तुमच्या पिशवीत त्या क्षणी ते कदाचित पुष्कळ असतं. खेळ त्या प्रश्नाला उत्तर देत नाही. प्रसंग चित्रपटासारखा समोरून जातो आणि पिशवीकडे कोणी बघतही नाही.

या प्रश्नाला उत्तर देणारा खेळ त्याच मालिकेत पाच वर्षं आधी येऊन गेला होता. डिसेंबर 1992 मधला ‘फायनल फॅन्टसी 5’. त्यात गालूफ नावाचा एक म्हातारा योद्धा आहे. त्याचा वैरी एक्सडेथ त्याच्या सोबत्यांना जेरीला आणतो, त्याची नात क्राइल मदतीला धावून येते आणि तीही आगीच्या वेढ्यात सापडते. गालूफ बळ एकवटून उठतो आणि एकटाच लढायला पुढे होतो. लढाई नेहमीसारखीच आहे. तोच मेनू, तीच चौकट, आदेशही तुम्हीच देता. एक्सडेथ मोठमोठे मंत्र टाकत राहतो, गालूफचा एचपी उतरत जातो आणि शून्यावर येतो. आता तो कोसळायला हवा. इतके तास खेळून हा नियम तुमच्या अंगात भिनलेला असतो: शून्य म्हणजे संपलं. गालूफ मात्र उभाच राहतो. चौकटीत शून्य, आणि आदेश देण्याची पाळी पुन्हा तुमच्याकडे. तुम्ही ‘हल्ला’ निवडता आणि तो हल्ला करतो.

इथे कोणी भाषण देत नाही. ‘या माणसाचं प्रेम मरणापेक्षा मोठं आहे’ असं वाक्य कुठे लिहिलेलं नाही. नियम मोडला, एवढंच घडलं, आणि तो मोडला हे फक्त त्यालाच कळतं ज्याने तो नियम शेकडो लढायांत पाळला आहे. बाजूला बसून नुसतं बघणाऱ्याला त्या शून्यात काहीच दिसणार नाही. एक्सडेथ माघार घेतो, गालूफ पडतो. मग सोबती काय करतात? बरं करण्याचा मंत्र टाकतात. मेलेल्याला उठवण्याचा मंत्र टाकतात. फीनिक्स डाउन वापरतात. एकाचाही उपयोग होत नाही. तुम्ही जे जे केलं असतं ते सगळं तुमच्यासमोर करून बघितलं जातं आणि मगच गालूफ जातो. पुढे क्राइल त्याच्या जागी येते, तेव्हा त्याची लेव्हल आणि त्याने शिकलेली विद्या तिला मिळते. तुम्ही आजोबांवर घातलेले कष्ट नातीच्या नावाखाली दिसू लागतात. वारसा ही गोष्ट मेनूच्या एका पानावर इतकी चोख मांडलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. एरिथचा प्रसंग जास्त प्रसिद्ध आहे. गालूफचा जास्त खोल आहे, असं माझं ठाम मत आहे.

1992 च्याच सप्टेंबरमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट 5’ आला होता. होरींनी इथे आकड्यांतून बाप उभा केला. तुम्ही लहान मुलगा आहात, लेव्हल एक. बाबांबरोबर, पपासबरोबर, गलबतातून उतरता. वाटेत राक्षस आले की पपास पुढे होतो. त्याला आदेश द्यायची सोय नाही, तो स्वतःच लढतो, आणि तुम्ही लुटुपुटीचा एक फटका मारेपर्यंत समोरचं संपलेलं असतं. लढाई झाली की, तुम्हाला लागलं असेल तर, तो बरं करण्याचा मंत्र टाकतो. न सांगता, आपणहून. पडद्यावर एक ओळ उमटते आणि तुमचा एचपी भरतो. खेळ पुढे सरकतो. ही ओळ पहिल्यांदा वाचताना कोणी थांबत नाही, कारण लहानपणी आपल्याला कोण जपतंय याची नोंद कुणीच ठेवत नाही.

पुढे एका पडक्या अवशेषात पपास दोन राक्षसांना एकट्याने हरवतो. मग त्यांचा मालक मुलाच्या, म्हणजे तुमच्या, गळ्याला पातं लावतो. तेच दोन राक्षस पुन्हा लढायला येतात. पडदा लढाईचाच आहे. पण या वेळी पपास हात उचलत नाही. फटका बसतो, आकडा उतरतो, पुन्हा फटका, पुन्हा उतरतो. ज्या माणसाने आजवर एकही फेरी वाया घालवली नाही तो फेरीमागून फेरी नुसता उभा राहतो. तुम्ही काहीही करू शकत नाही, कारण आदेश द्यायची सोय मुळात तुमच्याकडे कधी नव्हतीच. मगाशी जी सोय नसणं म्हणजे निर्धास्तपणा होता, तीच आता असहायता होते.

पपास मारला जातो आणि त्यानंतर तुमची गुलामीची दहा वर्षं. सुटका झाल्यावर तुम्ही बाबांनी लपवून ठेवलेलं पत्र आणि तलवार शोधून काढता. तलवार पौराणिक वीराची आहे. खेळांच्या सवयीने वाटतं, वीर आपणच. पण ती तुम्हाला पेलत नाही. कथेचा नायक तुम्ही आहात, वीर दुसरा कोणीतरी आहे. तुम्ही लग्न करता, जुळी मुलं होतात, मग शत्रू तुम्हाला दगड करून टाकतो आणि त्या दगडावरून आठ वर्षं जातात. तुम्हाला सोडवायला येतात ती तुमचीच मुलं. ती तलवार मुलाला पेलते. दोघं सोबत चालू लागतात, त्यांची लेव्हल तुमच्यापेक्षा बरीच खाली असते, आणि लढाई संपल्यावर तुम्ही मेनू उघडून त्यांच्यावर बरं करण्याचा मंत्र टाकता. कोणी सांगितलेलं नसतं. अनेक तासांपूर्वी वाचलेली ती एक ओळ कोणाची होती हे तेव्हा लक्षात येतं.

आकडा प्रत्येक वेळी वाढलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. कधी कधी तो निरुपयोगी ठरवण्यातही कथा असते. 1994 सालच्या ‘फायनल फॅन्टसी 6’मध्ये जगाचा नाश झाल्यावर सेलिस ही सोबतीण एका बेटावर जागी होते. सोबतीला फक्त सिड नावाचा आजारी माणूस. त्याला जगवायचं तर किनाऱ्यावर जाऊन मासे पकडायचे, तेही चपळ पोहणारे, कारण संथ मासा त्याची प्रकृती बिघडवतो. इतक्या कष्टाने मिळवलेल्या लेव्हलची इथे पैचीही किंमत नाही. ‘क्रोनो ट्रिगर’मध्ये जत्रेत तुम्ही कोणाचा डबा सहज उचलून खाल्लात किंवा हरवलेलं मांजर एका मुलीला परत नेऊन दिलंत, हे पुढे भर न्यायालयात मोजलं जातं. आपण मोजत नव्हतो ते खेळ मोजत होता.

शिगेसातो इतोई यांचा ‘मदर 2’ याबाबतीत सर्वांत धीट. त्यात एचपीचे आकडे चाकांवर फिरतात. प्राणघातक फटका बसला तरी आकडा शून्यावर पोचेपर्यंत तुम्ही जिवंत असता, आणि तेवढ्या वेळात उपचार केले किंवा लढाई जिंकली तर वाचता. पॉला नावाच्या मुलीकडे ‘प्रार्थना’ असा एक आदेश आहे. त्याचा भरवसा नसतो, कधी फायदा, कधी उलटच परिणाम, त्यामुळे बहुतेक जण तो सोडूनच देतात. शेवटी गीग या शत्रूपुढे सगळी शस्त्रं फोल ठरतात आणि उरते तीच प्रार्थना. पॉला प्रार्थना करते, प्रवासात भेटलेली दूरदूरची माणसं ती ऐकतात, तिच्यासाठी आणि तिच्या सोबत्यांसाठी प्रार्थना करतात, आणि दर खेपेला गीगला होणारी इजा वाढत जाते. अखेरीस प्रार्थना करणाऱ्यांत तुमचं स्वतःचं नाव येतं, खेळणाऱ्याचं, जे मधे कधीतरी खेळाने विचारून ठेवलेलं असतं.

आता कोणी म्हणेल, हे सगळे दोन-चार मिनिटांचे प्रसंग. त्यांच्यासाठी पन्नास तास राक्षस मारत बसायचं का? ही शंका रास्त आहे, आणि अनेक खेळांबाबत तिचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. केवळ लांबी वाढवण्यासाठी राक्षसांचा एचपी फुगवून ठेवणारे खेळ माणसाचा वेळ खातात, आणि मला त्याचा राग येतो, कारण खेळणाऱ्याच्या सबुरीचा तो गैरवापर आहे. पण गालूफचं शून्य दहा मिनिटांत उभं करता येत नाही. नियम मोडल्याचा अर्थ कळायला तो नियम आधी अंगवळणी पडावा लागतो, आणि अंगवळणी पडायला वेळच लागतो. संक्षिप्त आवृत्ती काढली तर कथा राहील, शून्याचा अर्थ जाईल.

योको तारो यांनी 2017 साली ‘निअर: ऑटोमाटा’मध्ये हाच विचार त्याच्या टोकापर्यंत नेला. शेवटच्या श्रेयनामावलीतल्या लढाईत तुम्ही पुन्हा पुन्हा हरता, आणि मग जगातले अनोळखी खेळाडू मदतीला येतात. जिंकल्यावर खेळ विचारतो, तुम्हालाही अशाच एखाद्या अनोळखी माणसाला मदत करायची आहे का? त्यासाठी तुमची सेव्ह केलेली सगळी माहिती कायमची पुसली जाईल. ज्याला मदत कराल तो कोण, हे तुम्हाला कळणारही नाही. पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली जाते. ‘हो’ म्हटलंत तर मेनूची पानं एकेक करून तुमच्यासमोर रिकामी होत जातात, शस्त्रं, वस्तू, नकाशे, सगळं. ‘नाही’ म्हणायचीही मोकळीक आहे, आणि बरेच जण त्या प्रश्नावर बराच वेळ अडतात. काही आकड्यांसाठी माणूस इतका अडत असेल, तर ते आकडे त्याच्यासाठी नुसते आकडे राहिलेले नाहीत, आणि तारो यांनी नेमकं तेच मागितलं.