आपला वाटा कोणता?

कार्तिकीच्या सुमारास आमच्या अमडापुरात दोन गोष्टी बरोबरच येतात. पंढरपूरहून परतलेली मंडळी बुक्का-प्रसाद घेऊन येतात आणि खामगाव-चिखलीच्या बाजार समितीतून सोयाबीनच्या पट्ट्या घरोघर येतात. वर्षभरात हातात रोख पैसा दिसतो तो याच दिवसांत. म्हणून संध्याकाळी हरिपाठ आटोपला की देवळाच्या ओट्यावर हमखास पैशाची गोष्ट निघते. गावातली तरुण पोरे माझ्याजवळ येऊन बसतात. मी निवृत्त शिक्षक, गळ्यात माळ, म्हणून त्यांचा विश्वास. एकाने परवा विचारले, "गुरुजी, पन्नास हजार उरले. कुठी ठेवू? कशात जास्त भेटते?" दुसऱ्याने मध्येच टोकले, "माळकऱ्यानं पैसा साठवावा का, हे तं आधी विचार!"

पहिला प्रश्न व्यवहाराचा वाटतो, दुसरा परमार्थाचा. मला मात्र ते एकाच गाठीचे दोन पदर वाटतात. ही गाठ माझ्या स्वतःच्या आयुष्यात कशी पडली ते पुढे सांगणारच आहे. पण सुरुवात देहूपासून करू.

तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होते, सावकारी होती. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते घरात होती. १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ आला. गुरे गेली, माणसे गेली, तुकोबांची पहिली पत्नी रखुमाई अन्नावाचून गेली, दुकानाचे दिवाळे निघाले. पुढे वैराग्य बाणले तेव्हा तुकोबांनी ती खते इंद्रायणीत बुडवली. ही कथा महिपतीबुवांनी सांगितली आहे आणि आपण कीर्तनात ती शेकडो वेळा ऐकली आहे. ऐकताना आपले डोळे भरतात ते खते बुडाली तेथे.

पण त्याच्या अगोदरची एक ओळ आपण घाईने ओलांडतो. तुकोबांनी सगळी खते बुडवली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा यांना प्रपंच चालवायचा होता. म्हणून आधी खतांचे दोन भाग केले. कान्होबांचा भाग कान्होबांना दिला. आपल्या वाट्याला आला तेवढाच भाग नदीच्या स्वाधीन केला.

माउली, येथे थोडे थांबावे. एवढे वैराग्य अंगी आलेला महापुरुष, ज्याला सोने आणि माती सारखीच झाली, तो आधी वाटणी का करतो? भावाच्या भागाचीही माती करून टाकली असती तर लोकांनी दुप्पट जयजयकार केला असता. पण भावाचा भाग हा भावाचा. तो बुडवणे हे वैराग्य ठरले नसते, तो अन्याय ठरला असता. सोडून द्यायचे ते आपले असावे लागते. मला वाटते, पैशाविषयीच्या सगळ्या शंकांचे मूळ समाधान या वाटणीत आहे.

आता माझी गोष्ट.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या भागात एक योजना आली. तीन वर्षांत पैसे दामदुप्पट. योजनेचा माणूस गोड बोलणारा होता. सप्ताहाला त्याने अकरा हजारांची देणगी दिली, काल्याच्या पंगतीत वाढायला उभा राहिला. मी चाळीस हजार भरले. पहिल्या वर्षी व्याज वेळेवर आले. मग मीच ओट्यावर सांगू लागलो. माझ्या शब्दावर अकरा घरांनी पैसे भरले. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस कार्यालयाला कुलूप लागले, ते पुन्हा उघडले नाही.

त्या अकरा घरांत एक म्हातारी माय होती. नवरा वारलेला. दर महिन्याला डाळीच्या डब्यात थोडे थोडे टाकून तिने आठ हजार जमवले होते, वारीसाठी आणि दुखण्याखुपण्यासाठी. मी क्षमा मागायला गेलो. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "गुरुजी, मले त कागद वाचता येत नाही. तुमच्या गयातली माय पाहून म्या पैसे देल्ले."

त्या वाक्याने मला अनेक रात्री झोपू दिले नाही. कायद्याने मी तिचा देणेकरी नव्हतो. कोणत्याही पावतीवर माझी सही नव्हती. फसवणारा दुसराच होता, मी तर स्वतः फसलेला होतो. पण तिने तारण म्हणून पाहिली होती ती माझी माळ. ती माळ मला माझ्या गुरूंनी घातली. तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वारकऱ्यांनी कमावलेली पत आहे. ती पत माझ्या एकट्याच्या वाट्याची नव्हती आणि मी ती पणाला लावली. तुकोबांनी खतावर लिहिलेले येणे सोडले. माझ्याकडे तर न लिहिलेले देणे राहिले, आणि न लिहिलेले खत कोणत्या नदीत बुडवणार?

त्या मायचे आठ हजार मी पगारातून दीड वर्षात फेडले. बाकीच्या दहा घरांपैकी चार घरांचे थोडे थोडे देऊ शकलो. सहा घरांचे राहिले. ती माणसे मला अजून "गुरुजी" म्हणतात, हरिपाठाला शेजारी बसतात. प्रत्येक वेळी मनात हिशेब उघडतो. ही गोष्ट लिहिली ती दया मिळवण्यासाठी नव्हे. पुढच्या शंकांना उत्तर देण्याचा मला कितपत अधिकार आहे, ते वाचकांना ठाऊक असावे म्हणून लिहिली.

पहिली शंका : माळकऱ्याने साठवावे का? तुकोबांनी धन मिळवू नका असे सांगितले नाही. सचोटीने मिळवा आणि मन अलिप्त ठेवून खर्च करा, असे सांगितले. तो अभंग आपणा सर्वांना पाठ आहे. आपली दिंडीदेखील साठवणुकीवरच चालते. वर्गणी आधी जमते, तंबू, ट्रक, पाण्याचा टँकर, शिधा यांचा हिशेब वहीत लिहिला जातो, तेव्हा कोठे शेकडो माणसे निश्चिंतपणे नाम घेत चालतात. त्या मायचा डाळीचा डबा हा लोभ नव्हता. कोणावर भार पडू नये म्हणून केलेली ती तजवीज होती. साठवण कोणासाठी आहे हे सांगता येते तोवर ती सेवा आहे. कोणासाठी हेच आठवेनासे झाले की लोभ सुरू झाला म्हणून समजावे.

दुसरी शंका : आधी कर्ज फेडावे की आधी गुंतवावे? येथे वाटणीचा नियम सरळ लागू होतो. ज्याचे देणे आहे त्याचा भाग आपल्या हातात असला तरी आपला नव्हे. हिशेबही तेच सांगतो. महिना तीन रुपये शेकड्याने पन्नास हजार उचललेले असतील तर वर्षाला अठरा हजार व्याज जाते. तेच पन्नास हजार सात टक्क्यांनी बँकेत ठेवले तर साडेतीन हजार मिळतात. म्हणजे कर्ज ठेवून ठेव करणारा वर्षाला साडेचौदा हजार गमावतो, आणि वर आपण बचत करतो असे मानून घेतो. कृषी केंद्राची उधारी, हातउसने, सोसायटीचे पीककर्ज ही वाटणी पट्टी हातात पडल्याच्या दिवशीच करावी.

तिसरी शंका : व्याज घेणे पाप आहे का? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खते काढून जाळली. दंगा पसरला आणि १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. देहूत धनको स्वतःच्या हाताने खते बुडवतो आणि सुप्यात ऋणको दुसऱ्याची खते जाळतो, यांतले अंतर समजून घ्यावे. व्याज म्हणजे दुसऱ्याच्या उद्योगातला एक भाग. तो उद्योग फळला तर भाग घेणे योग्य. पण शेत बुडाले, घरात आजारपण आहे, आणि तरी व्याज वाढतेच आहे, तेव्हा आपण त्याच्या उद्योगातला भाग घेत नसून त्याच्या ताटातला घास घेत असतो. जुन्या व्यवहारातही दामदुपटीची मर्यादा होती. एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करू नये असा तो नियम. आज महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. गळ्यात माळ घालून गुपचूप व्याजाने पैसे फिरवणाऱ्याने हे दोन्ही बाजूंनी तपासावे.

चौथी शंका : कशात जास्त मिळते? या प्रश्नाने मला बुडवले, म्हणून याचे उत्तर जपून देतो. आमच्या शाळेत मी मुलांना एक सोपी युक्ती शिकवत असे. ७२ ला वर्षांनी भागा, दुप्पट व्हायला किती टक्के व्याज लागते ते साधारण कळते. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे २४ टक्के. पोस्टाचे किसान विकास पत्र साडेसात टक्क्यांनी दुप्पट व्हायला ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांहून अधिक लागतात. सरकारला जे साडेनऊ वर्षांत जमते ते हा माणूस तीन वर्षांत कोठून आणणार, एवढा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. गणित शिकवणाऱ्यालाच गणित सुचले नाही, कारण मन गुंतले होते. आपल्या भाषेत 'गुंतवणूक' हा शब्द मोठा बोलका आहे. पैसा गुंतवावा, मन गुंतले की ७२ चा भागाकार दिसत नाही.

म्हणून पैसे कोठे ठेवायचे यापेक्षा कोणाचे पैसे कोठे ठेवायचे, असे विचारावे. म्हाताऱ्या आईच्या औषधाचा, मुलीच्या शिक्षणाचा, पुढच्या पेरणीचा भाग हा जोखमीचा नव्हे. तो बँकेत किंवा पोस्टात असावा. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. २०२० पूर्वी ते एक लाखच होते. सहकारी बँकांनाही ते लागू आहे, परंतु पतसंस्थांना नाही. पतसंस्थेत ठेवू नये असे मी म्हणत नाही. हा फरक माहीत असून ठेवावे. घरच्या कर्त्या माणसाने वर्षाला ४३६ रुपयांचा जीवनज्योती विमा आणि २० रुपयांचा अपघात विमा बँकेत सांगून घ्यावा. प्रत्येकी दोन लाखांचे ते संरक्षण म्हणजे मुलाबाळांचा वाटा आधीच बाजूला काढून ठेवणे होय.

एवढे झाल्यावर जे उरेल, जे दहा वर्षे लागणार नाही आणि अर्धे झाले तरी घरातली चूल विझणार नाही, तो खरा आपला वाटा. तो म्युच्युअल फंडात ठेवा, शेअरमध्ये ठेवा. उद्योगातली भागीदारी म्हणून धीराने धरलेला शेअर जुगार नव्हे. पण मोबाइलवर रोज फ्युचर-ऑप्शनचे सौदे करणाऱ्या पोरांनी हे ध्यानात घ्यावे : सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन वर्षांच्या काळात अशा शंभर वैयक्तिक सौदेकऱ्यांपैकी ९३ तोट्यात होते. त्या सौद्यांत बापाच्या सोयाबीनची पट्टी घालणारा स्वतःचे धाडस करत नाही, बापाचे घाम गाळणे पणाला लावतो.

आणि शेवटची एक विनवणी माळकऱ्यांना. कोणी विचारले, "महाराज, यात पैसे टाकू का?" तर आपल्याला फायदा झाला एवढ्यावर होकार देऊ नये. समोरचा कागद वाचत नाही, आपल्याकडे पाहतो. 'मला ठाऊक नाही' असे म्हणण्याने माळेची पत जात नाही.

परवा त्या पन्नास हजारवाल्या पोराला मी एवढेच म्हणालो, "घरी जा, आईजवळ बस, आणि कागदावर वाटणी कर. उरेल ते घेऊन ये, मग बोलू." दुसऱ्या दिवशी तो आला. कागदावर सोसायटीचे अठरा हजार, कृषी केंद्राचे नऊ, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पंधरा, आषाढी वारीचे तीन. उरले पाच हजार. तो हसून म्हणाला, "गुरुजी, आता जास्त विचारण्यासारखं काही राह्यलंच नाही."

मी म्हणालो, "राहिले ना. ते पाच हजार तुझे आहेत." आणि घरी येऊन मी माझी जुनी वही काढली. त्यात सहा घरांची नावे अजून आहेत. यंदा पेन्शनमधून त्यांपैकी एका घराचा आरंभ केला आहे. पांडुरंग पुरे करून घेईल तेवढे खरे.

रामकृष्ण हरी.