ओळख आणि अंगीकार

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त रुसून निघालेल्या काव्यपुरुषामागें साहित्यविद्या देशोदेशीं नवा वेष धारण करीत जाते. त्यांचा गांधर्वविवाह होतो तो येथेंच. वेषानें मन वेधतें खरें. पण अंगीकार वेषाचा करावयाचा कीं व्यक्तीचा?

पेरोच्या १६९७ मधील कथेंत राजपुत्राला सिंड्रेला सांपडते ती जोड्यावरून. २००४ च्या 'अ सिंड्रेला स्टोरी' या अमेरिकन चित्रपटांत जोड्याच्या जागीं मोबाइल आला, म्हणून आपण हंसतों. परंतु नायिका कोण हें चारचौघांत उघड होतांच त्यांतील नायक गप्प राहतो. ओळख पटली, अंगीकार झाला नाहीं. पुढें भर सामना सोडून तो तिच्याकडे जातो, तेव्हांच प्रेमास अर्थ येतो. ओळखीला जोडा पुरतो; लोकांदेखत हात धरावयास धैर्यच लागतें.