रस्ता पाण्यात उतरतो तिथे

नकाशा जमिनीवर पसरा. मोबाईलवरचा नको, कागदाचा.

भिंतीवरची दिनदर्शिका काढून शेजारी ठेवा. एक पेन्सिल घ्या. आज एवढंच सामान.

गाडी खाली उभी आहे. टाकी भरायची आहे, चेनला तेल द्यायचं आहे, हवा बघायची आहे. ते सगळं उद्या.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता रेवस शोधा. रायगडच्या किनाऱ्यावर, धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी. पेन्सिल तिथे टेकवा आणि हळूहळू खाली आणा. मांडवा. अलिबाग. चौल. रेवदंडा.

गावांची नावं ओठांवर येऊ द्या. मोठ्यानं म्हणायची गरज नाही.

रेवदंड्याला कुंडलिकेची खाडी लागते. तिच्यावर पूल आहे, पेन्सिल सहज पलीकडे जाते. कोर्लई. काशीदची सुरूची झाडं. नांदगाव. मुरूड.

हा सागरी महामार्ग. रेवसपासून थेट सिंधुदुर्गातल्या रेड्डीपर्यंत. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, या सलग रस्त्याचं स्वप्न पाहिलं गेलं. सावित्रीकाठच्या आंबेत गावच्या माणसाला खाड्या काय असतात ते कुणी सांगायला नको होतं.

पेन्सिल आगरदांड्याला येते.

आणि थांबते.

पुढे नुसतं निळं आहे. ही राजपुरीची खाडी. पलीकडे दिघी.

इथेच थांबू या. अख्ख्या प्रवासातली ही एकच जागा आज पुरे आहे.

डांबर संपतं. काँक्रीटचा उतार पाण्यात शिरतो. वरचा भाग कोरडा, पांढुरका. खालचा ओला, शेवाळानं हिरवा.

एक बारीक लाट उतारावर चढते. हातभर येते. मागे जाते.

पुन्हा बघा.

लाट चढते. मागे जाते. ओली रेघ मात्र राहते.

मनातल्या मनात गाडी बंद करा. साईड स्टँड लावा. हेल्मेट काढा. कपाळावरचा घाम वाऱ्याला लागू द्या.

तापलेलं इंजिन गार होताना टिक टिक वाजतं. ऐका. आधी भराभर. मग सावकाश. मग मध्येच एखादी टिक. मग काहीच नाही.

आता काय ऐकू येतं?

दोरखंड करकरतो. दूर कुठेतरी डिझेलच्या इंजिनाचा आवाज. कुणीतरी कुणाला तरी हाक मारतं. सुकटीचा वास येतो, वाऱ्यासोबत जातो, परत येतो.

गाड्या-माणसांना खाडीपार नेणारी जंगलजेटी अजून पलीकडे आहे. खाडीवर एक ठिपका. ती येईल तेव्हा येईल.

खाडीच्या तोंडाशी जंजिरा. त्याच्याकडे नंतर बघू. आता फक्त उतार आणि पाणी.

एक श्वास आत. लाट चढते.

एक श्वास बाहेर. लाट उतरते.

मला विचाराल तर या रस्त्याचा बेत इथून आखायला घ्यावा. अलिबाग ते मुरूड सुमारे ५० किलोमीटर, हे कळायला वेळ लागत नाही. पाणी केव्हा येतं आणि केव्हा जातं, हे कळायला बसावं लागतं.

म्हणून आता दिनदर्शिका जवळ ओढा. वार राहू द्या. तिथी बघा.

कोळीवाड्यातला जुना हिशेब असा आहे: तिथीची पाऊणकी, म्हणजे पाऊणपट, करायची. जी संख्या येईल, त्या वाजता पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

चतुर्थी घ्या. चाराची पाऊणकी तीन. पहाटे तीनला भरती, सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी.

नऊ वाजता अलिबागच्या पुळणीवर उभे राहा. समोर कुलाबा किल्ला. मघापर्यंत बेट होता. आता मधलं पाणी ओसरलं आहे, ओल्या वाळूवर नागमोडी रेघा उमटल्या आहेत, आणि माणसं चप्पल हातात धरून किल्ल्याकडे चालली आहेत.

तुमच्याही तळव्यांना त्या रेघा लागतात. कडक आहेत. गार आहेत. चाला. थांबा. पुन्हा चाला.

पंचमी. पाचाची पाऊणकी पावणेचार. भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी पावणेदहाच्या आसपास. रोज सुमारे पाऊण तास पुढे.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला तुम्ही कुठे असाल?

हरिहरेश्वरला. देवळामागच्या पायऱ्या उतरून प्रदक्षिणेच्या वाटेवर. लाटांनी पोखरलेला, जाळीदार झालेला खडक हाताला लागतो. ही वाट फक्त ओहोटीची. भरतीला ती समुद्राची.

बघा, चतुर्थी आणि पंचमी अशा दोन घरांवर पेन्सिलीचे दोन ठिपके पडले. मधली रात्र आपोआप दिवेआगरला किंवा श्रीवर्धनला आली. बेत झाला. पाण्यानं केला.

पंधरवड्याच्या मध्यावर, अष्टमीच्या सुमारास, भांग असते. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण. त्या दिवसांत हाच आगरदांड्याचा उतार बराचसा पाण्याखाली जाईल. आणि ओहोटीला बराचसा उघडा पडेल, शेवाळासकट.

मनातल्या उताराकडे पुन्हा एकदा या. लाट कुठवर आली आहे?

घाई नाही.

आता पेन्सिल दिघीहून पुढे. दिवेआगर सोडलं की आरावी-कोंडिवलीचा पट्टा. इथे रस्ता समुद्राला इतका लगटून जातो की वाऱ्यानं आलेली वाळू डांबरावर पसरलेली असते. वळणावर त्या वाळूत ब्रेक नको. आधीच वेग कमी करा. दुसरा गिअर. खांदे सैल. नजर वळणाच्या शेवटाकडे.

पुढे श्रीवर्धन, पेशव्यांच्या भट घराण्याचं गाव. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीचं रोप लावलं तर सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात. तिथल्या माणसांनी पुन्हा रोपं लावली.

एखाद्या वाडीच्या गडग्याशी गाडी थांबवा. जुनी उंच झाडं विरळ. त्यांच्यामध्ये नवी, बारीक, हिरवी. वर बघा. खाली बघा. या गावातून गाडी सावकाश न्यायला हे कारण पुरेसं आहे.

शेवटी बागमांडला. इथे सावित्री समुद्राला मिळते, रस्ता पुन्हा पाण्यात उतरतो. पलीकडे वेसवी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. पेन्सिल उचला.

या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत, आणि ते व्हायलाच हवेत. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर जेटीची वाट बघत बसणं काय असतं, ते त्या गावांना माहीत आहे. आपण पाहुणे. तोवर जी वाट बघायची आहे, ती नीट बघू या.

एकदा शेवटचं, मनातल्या उतारावर या.

जंगलजेटी जवळ आली आहे. लोखंडी फळी काँक्रीटवर टेकते. खणकन आवाज होतो. आधी पलीकडची माणसं उतरू द्या. शेवाळावर पुढचा ब्रेक नको. पहिला गिअर, मागचा ब्रेक हलकेच, वेग अगदी कमी. वर चढलात की गाडी गिअरमध्येच ठेवून बंद करा, म्हणजे हलणार नाही.

एक श्वास.

आता नकाशाची घडी घाला.

पाऊणकीचा हिशेब अंदाजाचा आहे, एवढं लक्षात ठेवा. कुलाब्याकडे पाऊल टाकण्याआधी किंवा प्रदक्षिणेच्या पायऱ्या उतरण्याआधी तिथल्या माणसांना पाण्याची वेळ विचारा. धक्क्यावर शेवटच्या फेरीची वेळ विचारा. आणि ते “आज नको” म्हणाले, तर जाऊ नका.