भोर-वेल्ह्याची जर्मन

बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा ही तीन नावं एका जर्मन पुस्तकाच्या शीर्षकात ओळीने बसली ती १९७६ साली. पुस्तक वीसबाडेनहून निघालं. लेखक गुंटर सोंथायमर, हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतले. मूळचे हिंदू कायद्याचे अभ्यासक. एकत्र कुटुंबाच्या कायद्यावर त्यांचं वेगळं पुस्तक आहे. पण पुढे त्यांना धनगरांनी आणि त्यांच्या देवांनी असं काही धरून ठेवलं, की १९९२ साली निधन होईपर्यंत ते त्यातून सुटले नाहीत. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद यायला १९८९ साल उजाडलं. मधली तेरा वर्षं वीरच्या म्हस्कोबावरचं हे काम वाचायचं, तर जर्मन यायलाच हवी होती.

वीर पुरंदर तालुक्यात, नीरेच्या काठी. नीरा उगम पावते भोर तालुक्यात शिरगावला, वरंधा घाटाच्या वर. वेल्ह्याकडून गुंजवणी येऊन तिला मिळते, भाटघरच्या धरणातून वेळवंडी येते. राजगडच्या पायथ्याचं पाणी म्हस्कोबाच्या दारावरूनच पुढे जातं. (वेल्हे तालुक्याचं नाव सरकारने आता राजगड केलं आहे. एसटीत बसल्यावर तिकीट अजून वेल्ह्याचंच मागतात, म्हणून मीही तेच लिहिते.)

पुण्यात बरीच वर्षं जर्मन शिकवताना मला हे पुस्तक सारखं आठवत राहतं. वर्गात आता भोर, नसरापूर, मार्गासनी, वेल्ह्याकडची मुलं दिसू लागली आहेत आणि या पुस्तकाची गाठ त्यांच्याशी कुठेच पडत नाही.

पुण्याच्या जर्मनचे आजवर दोन संसार झाले. एक विद्वानांचा, दुसरा टक्केवारीचा. दुसऱ्याबद्दल फार बोलायला नको. अकरावीला मराठी सोडून जर्मन घ्यायची, कारण तीत मार्क पडतात, हे पुण्यातल्या घराघरांत ठाऊक आहे. दोन वर्षं शिकून बारावीचा निकाल लागला, की ती भाषा माळ्यावर जाते. आता तिसरा संसार मांडला जातो आहे, तो नोकरीचा. २०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल कामगार पाठवायचे, त्यांना भाषा शिकवण्याचा खर्च सरकारने करायचा. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर. आयटीआय झालेल्या पोरांच्या तोंडी ‘ए-वन’, ‘बी-वन’ ही भाषेच्या पातळ्यांची नावं आली ती तेव्हापासून.

याला नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. शिरवळ किंवा खेड-शिवापूरच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या मुलाने स्टुटगार्टचं स्वप्न बघितलं, तर त्याला गोएथे वाचलास का, असं विचारणं हा उद्धटपणा झाला. माझी तक्रार निराळी आहे. पोट भरायची जर्मन आणि विद्यापीठात शिकायची जर्मन, अशी सरळ वाटणी होऊ घातली आहे आणि त्या वाटणीत डोंगरातल्या मुलांच्या वाट्याला पहिलीच येणार, हे जणू ठरूनच गेलं आहे. दुसऱ्या जर्मनसाठी लागणारं भांडवल त्यांच्याकडे नाही, असं आपण धरून चालतो. माझ्या मते ते त्यांच्याकडेच जास्त आहे.

बी-वनच्या तोंडी परीक्षेत एक भाग असतो. विषय मिळतो आणि त्यावर पाच पायऱ्यांनी बोलायचं असतं. आधी विषयाची ओळख, मग स्वतःचा अनुभव, मग आपल्या देशातली परिस्थिती, मग फायदे-तोटे, शेवटी समारोप. तयारी घेताना मी प्राण्यांचा विषय देते. पुण्यातली मुलं कुत्र्या-मांजरांवर बोलतात. त्यांच्या घरी ती असतात, ठीकच आहे. वेल्ह्याच्या वरच्या अंगाचा, घरी म्हशींचा गोठा असलेला मुलगाही कुत्र्या-मांजरांवरच बोलतो. क्लासच्या नोट्समधलं उत्तर, अल्पविराम न चुकवता पाठ केलेलं. ‘स्वतःचा अनुभव’ म्हणून सांगतो ते दुसऱ्या कुणाचं, ‘आपल्या देशातली परिस्थिती’ तर मुंबईची. एकदा मी म्हटलं, अरे, तुझ्या म्हशींचं सांग की. तो आधी हसला. मग पावसाळ्यात त्यांच्या गवळी वाड्यावर चिखल किती होतो, वासरं कुठे बांधतात, खवा घालायला घाटाखाली कोण जातं, हे सांगू लागला. व्याकरणाचा पार चुराडा झाला. शब्द अडले तिथे हातवारे. पण त्या दिवशी वर्गात पहिल्यांदाच कुणी तरी कुणाला तरी काही कळवत होतं.

ज्या व्याकरणाची त्याला भीती, त्यातही त्याची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. आपण जर्मन शिकवतो इंग्रजीतून. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला त्यामुळे आधी इंग्रजीचा घाट चढावा लागतो आणि तिथेच त्याची दमछाक होते. आम्ही समजतो, जर्मन जमत नाही. वास्तविक जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत आणि ती निर्जीव वस्तूंनाही आहेत. ‘तो दगड, ती शिडी, ते दार’ म्हणत वाढलेल्या मुलाला त्याचं नवल वाटायचं कारणच नाही. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, हे इंग्रजी माध्यमाच्या मुलांना महिनोन्‌महिने घोकावं लागतं. मराठी मुलाचं क्रियापद जन्मापासून शेवटीच आहे. अडचण येते ती वेगळ्या जागी. शाळेत ‘स, ला, ते’ पाठ करताना द्वितीयेचे आणि चतुर्थीचे प्रत्यय एकच निघाले. जर्मनमध्ये या दोन विभक्ती काटेकोरपणे वेगळ्या ठेवायच्या असतात. शिवाय मराठीत म्हशीला बांधतात, पण दोर बांधतात. सजीव कर्माला ‘ला’ लागतो, निर्जीवाला बहुधा नाही. जर्मनला हा भेद ठाऊक नाही. मराठीतून शिकवणारा शिक्षक असेल तर तो बरोबर याच जागी थांबेल. इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकाला ही जागा दिसतच नाही.

पुण्याची जुनी जर्मन विद्या या डोंगरांपासून वाटते तितकी लांब नव्हती. सुरुवात पोथ्यांपासून झाली खरी. मार्टिन हाउग १८५९ साली पुण्यात आले, त्यांच्यामागून १८६६ साली डेक्कन कॉलेजात फ्रान्झ कीलहॉर्न आले. ते इथे पंधरा वर्षं राहिले. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती आजही वापरात आहे. विष्णु सीताराम सुखटणकर बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्याकडे शिकले आणि भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक झाले. हस्तलिखितं ताडून पाहण्याची ती जर्मन शिस्त. (ज्या माक्स म्युलरच्या नावाने आपल्याकडची जर्मन भवनं चालतात, ते मात्र हिंदुस्थानात एकदाही आले नाहीत.)

पण पोथीतून उठून वाटेला लागलेलीही काही माणसं होती. दामोदर धर्मानंद कोसंबी काशी हिंदू विद्यापीठात गणिताबरोबर जर्मनही शिकवायचे. पुढे पुण्यात आल्यावर जिल्ह्यातल्या वाटा तुडवत ते तिठ्यांवरच्या देवी, शेंदूर फासलेले तांदळे आणि दगडी हत्यारं पाहत हिंडले. वीरचा म्हस्कोबा त्यांच्या १९६२ सालच्या पुस्तकात आहे. इरावती कर्वे १९२७च्या सुमारास बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑइगेन फिशर. फिशरांच्या संस्थेचा वंशविचार पुढे नाझींच्या कामी आला. तिथे बसून इरावतीबाईंनी माणसांच्या कवट्यांच्या दोन बाजूंमधला फरक मोजला आणि त्याचा वंशाशी संबंध दिसत नाही, असं प्रबंधात लिहिलं. जर्मन संस्कृतीचा अभ्यास म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं, तर मी बेथोव्हनच्या आधी ही गोष्ट सांगेन. त्या देशाची विद्या घेतली, पण तिथल्या गुरूचा निष्कर्ष घेतला नाही. परत येऊन त्या महाराष्ट्रभर माणसं बघत फिरल्या. त्यांच्याबरोबर काम केलेले कैलाश मल्होत्रा नंतर माधव गाडगीळांसोबत गवळी धनगरांचा अभ्यास करू लागले, आणि त्या दोघांचा लेख १९८२ साली आला. खोऱ्यात कुणबी, वर माथ्यावर म्हशी राखणारे गवळी. एकाचं धान्य, दुसऱ्याचं लोणी. वेल्ह्याच्या त्या मुलाच्या पणज्याचं जगणं जवळपास असंच असणार.

सोंथायमरांकडे परत येते. धनगरी ओवी ते नुसती गोळा करत बसले नाहीत, ती कशी चालते हे त्यांनी पाहिलं. आधी गाणं, मग तोच प्रसंग गद्यात सांगायचा, ती कथा, पुन्हा गाणं. म्हस्कोबा सोनारीहून कमळाजी धनगराच्या मागोमाग आला, ही हकिगत या गाण्या-सांगण्यातून पुढे सरकते. माणूस चराईसाठी जिथे जाईल, तिथे देव त्याच्या पाठोपाठ जातो. रान आणि गाव, वन आणि क्षेत्र, या दोन जगांच्या ये-जा करण्यातून आपली दैवतं घडली, हे त्यांचं म्हणणं. रा. चिं. ढेऱ्यांनी विठ्ठलाचं मूळ शोधताना ही धनगरी वाट किती गांभीर्याने घेतली, हे ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ वाचलेल्यांना माहीत आहे.

आमच्या एम.ए.च्या वर्गात हेर्डर येतो, १७७८-७९ सालचे त्याचे लोकगीतांचे संग्रह येतात, १८१२ सालच्या ग्रिम बंधूंच्या कथा येतात. लोकांच्या तोंडचं साहित्य म्हणजेच देशाचा आत्मा, हा जर्मन विचार. आणि तोच ‘लोक’ शब्द विसाव्या शतकात किती विषारी झाला, तेही येतं. मुलं टिपणं काढतात. ज्यांच्या आज्या जात्यावर गात होत्या, तीही काढतात. याच डोंगरपट्ट्यातून गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. तो संग्रह लाखावर गेला. आमच्या वर्गात त्याचा उल्लेख होत नाही, कारण तो ‘मराठीच्या विभागाचा विषय’. रंगभूमीने हे कुंपण कधीच मानलं नाही. ब्रेख्त मराठीत ‘तीन पैशाचा तमाशा’ होऊन आला. विद्यापीठाला ते अजून जमलेलं नाही.

जमवायचं तर फार काही उभारावं लागणार नाही. पदविकेचं पहिलं वर्ष मराठीतून शिकवणारी एक तुकडी काढता येईल. पुण्यात खोली घेऊन राहणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी भोरच्या कॉलेजात शनिवार-रविवारचा वर्ग चालवता येईल. शिक्षकाने कात्रज ओलांडून तास-दीड तास जायचं, एवढंच. आणि एम.ए.च्या प्रबंधासाठी काफ्काच्या जोडीला सोंथायमरांचं मूळ जर्मन पुस्तक ठेवता येईल. वेल्ह्याची एखादी मुलगी त्यातलं ओव्यांचं प्रकरण घेऊन बसेल. मराठी ओवीचं जर्मन करताना काय गळालं, गवळी वाड्यावरचा कोणता तपशील अभ्यासकाला नीट कळला नाही, मेंढरांच्या धनगराचं कोणतं विधान म्हशींच्या धनगराला लागू पडत नाही, हे तिला जितकं दिसेल तितकं मला दिसणार नाही. हायडेलबर्गमध्येही असा वाचक सहज सापडायचा नाही. तिने ते जर्मनमध्येच लिहावं. ज्यांनी तिच्या देवांवर लिहिलं, त्यांच्याच भाषेत त्यांना दुरुस्त करावं.

यात अडचण एकच, आणि ती माझ्यासारख्यांची आहे. असा प्रबंध तपासायला जर्मन येणारा आणि वाड्यावर जाऊन आलेला परीक्षक लागेल. विभागाच्या यादीत तसं नाव बहुधा निघणार नाही. तेव्हा तोंडी परीक्षेला दोघांना बसवावं: एक जर्मनचे प्राध्यापक, आणि दुसरे ओवी म्हणणारे कुणी बुवा, ज्यांच्यासाठी प्रश्नोत्तरं मराठीत करून सांगायची. मानधन दोघांनाही सारखंच मिळेल, एवढं विद्यापीठाच्या लेखा विभागाकडून आधी मंजूर करून घ्यावं लागेल.