दोष देणे आणि दोष शोधणे

‘दोष’ ह्या शब्दाशी मराठीत दोन क्रियापदांची सोयरीक जुळते. दोष देता येतो आणि दोष शोधता येतो. ऐकायला ही दोन्ही कामे सख्ख्या भावांसारखी वाटतात, आणि पुष्कळांच्या मनात ती एकच असतात. दोष सापडला की तो कुणाला तरी द्यायचा, आणि कुणाला तरी दिला म्हणजे तो सापडलाच, असा आपला रोजचा हिशेब आहे. माझी समजूत अशी, की ही दोन कामे बहुधा एकमेकांच्या आड येतात. जो दोष द्यायला उतावीळ झाला, त्याचे शोधणे तिथेच संपते. हा विचार एखाद्या थोर प्रसंगावरून मांडला असता, तर दिवाळी अंकाला अधिक शोभला असता. पण तो मला सुचला मोटारसायकलच्या पुढच्या चाकावरून. तेव्हा तिथूनच सांगायला हवा.

आमच्या बारामती-इंदापूर भागाला चाकाचे अप्रूप नाही. लाकडी चाकावर तापवलेली धाव चढवणारा लोहार जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे अजून आहे. पुढे उसाची गाडी रबरी टायरवर आली. आज बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या कारखान्यातून रिक्षा आणि स्कूटर बाहेर पडतात, आणि २०२३ सालापासून एप्रिलियाची ४५७ सीसीची मोटारसायकलही तिथेच तयार होते. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणपासून इंदापूरपर्यंत कुठेही घटकाभर उभे राहावे, मागे दोन्ही अंगांना पेट्या बांधून दूरच्या मुलखाला निघालेल्या मोटारसायकली दिसतातच.

अशा गाडीला एक दुखणे जडते. साठपर्यंत ती गुणाची असते; सत्तर-ऐंशीच्या दरम्यान हँडल थरथरू लागते. थरथर हातांना कळते, हात हँडलवर असतात, आणि हँडलखाली पुढचे चाक असते. म्हणून आपण म्हणतो, दोष पुढच्या चाकात आहे. पुष्कळदा ते खरेही असते. रिमच्या एका बाजूला अवघे २० ग्रॅम वजन जास्त असले, तर ताशी ८० किलोमीटरच्या वेगात, सेकंदाला सुमारे ११ फेरे घेणाऱ्या चाकाला ते सव्वादोन किलोच्या जोराने बाहेर ओढते. वेग निम्मा केला की हा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून गावातल्या गावात फिरताना तो जाणवतही नाही.

पण ह्याच थरथरीला दुसरेही जन्मदाते असू शकतात. टायरमधली हवा कमी असेल. टायर रिमवर सगळीकडे सारखा बसला नसेल. रिमला बाक आला असेल. चाकाचे बेअरिंग झिजले असेल. हँडल ज्याच्यावर फिरते तो कोनसेट सैल पडला असेल. थरथर केवळ ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर ब्रेकच्या चकतीवर नजर टाकावी. वेग तोच ठेवून गिअर बदलला आणि थरथरीची जातच पालटली, तर चाकाला सोडून इंजिनाकडे वळावे. आणि मागच्या आसाच्याही मागे अवजड ओझे लादले असेल, तर पुढचे चाक हलके होऊन हँडल अस्थिर होते; तेव्हा थरथर पुढे आणि तिचे कारण मागे, असाही प्रकार घडतो. म्हणजे लक्षण एक आणि कारणे सात-आठ. हातांनी दिलेली साक्ष खोटी नसते. पण थरथर कुठे पोचली एवढेच हात सांगतात, ती कुठून निघाली हे सांगत नाहीत.

माझे एक शिक्षक-स्नेही मोटारसायकलवरून तुळजापूरला जाऊन आले. निघण्याच्या दोन दिवस आधी त्यांनी हमरस्त्यावरच्या एका पंक्चरवाल्याकडून पुढचा टायर नवा घालून घेतला होता. वाटेत हँडल थरथरू लागले. परतल्यावर ते मला घेऊन थेट त्याच्या टपरीवर गेले. टायर ह्याने घातला, थरथर त्यानंतर आली, तेव्हा ह्याने पैसे परत करावेत, एवढा सरळ त्यांचा खटला होता. पंक्चरवाल्याने हात पुसले आणि म्हणाला, “गुरुजी, पैसं कुठं पळून जात न्हाईत. आधी चाक उचलून बघू. माझं चुकलं आसंल, तर मीच तुमाला सांगीन.”

त्याने आधी हवा मोजली. टायरच्या अंगावर रिमलगत एक बारीक रेघ असते. तिचे रिमपासूनचे अंतर सगळीकडे सारखे आहे का, ते पाहिले. गाडी मोठ्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी केले, रिमजवळ एक खिळा स्थिर धरला आणि चाक फिरवले. अंतर कुठे कमीजास्त झाले नाही. चाक आपणहून थांबू दिले, तीनदा. जड बाजू असती, तर ती प्रत्येक वेळी खाली येऊन थांबली असती. चाक तीन वेळा तीन जागी थांबले. मग त्याने हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे नेले. बरोबर मध्यावर ते किंचित अडकले. “कोनसेटला खड्डं पडल्यात,” तो म्हणाला. बेअरिंगच्या गोळ्यांनी आपल्या वाटेत खळगे पाडले होते, आणि असे खळगे दोन दिवसांत पडत नाहीत. “मागं किती बांधलं होतं?” त्याने विचारले. दोन पेट्या, आणि वर तिसरी. “मग एका टायमाला एकच गोष्ट बदला,” एवढे त्याने सांगितले. पेट्या उतरवून गाडी चालवली, तेव्हा थरथर कमी झाली, पण गेली नाही. शेजारच्या गॅरेजात कोनसेट नवा घातला, तेव्हा ती गेली. पेट्या पुन्हा बांधल्या, तरी ती परतली नाही.

आपल्या नैयायिकांनी ह्याच रीतीला अन्वय आणि व्यतिरेक अशी नावे दिली आहेत. कारण असेल तिथे कार्य असावे. कारण काढून घेतले की कार्यही नाहीसे व्हावे. अट एवढीच, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या, तर थरथर थांबेल, पण आपल्याला ज्ञान होणार नाही. माझ्या स्नेह्यांचे अनुमान मात्र काकतालीय न्यायाचे होते. कावळा बसला आणि फांदी मोडली, म्हणून फांदी कावळ्याने मोडली! इथे एक कबूल केले पाहिजे. क्वचित फांदी कावळ्यानेच मोडलेली असते. शेवटी जे बदलले त्याचा संशय आधी घेणे ही सुरुवात म्हणून चांगलीच आहे, आणि पंक्चरवाल्यानेही सुरुवात स्वतःच्या कामापासूनच केली. संशय घेण्यात अन्याय नाही. संशयापाशी थांबण्यात तो आहे.

आणखी एक गोष्ट. ह्या थरथरीचा एकच एक धनी नव्हता. कोनसेट झिजत आला होता, आणि ओझ्याने त्याची झीज उघडी पाडली. १९७१ साली रॉबिन शार्प ह्या इंग्रज संशोधकाने मोटारसायकलच्या स्थैर्याचे गणित मांडले. हँडलचे थरथरणे वेगळे आणि अख्ख्या गाडीचे झोके खाणे वेगळे, हे त्याने दाखवले. आणि ही दोन्ही कंपने कुणा एका भागाची नसून वेग, वजन, टायर आणि जोडणी ह्यांच्या संगनमताची असतात. तेव्हा ‘दोषी कोण?’ ह्या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नाही. ‘दुरुस्त काय करावे?’ ह्या प्रश्नाला मात्र स्वच्छ उत्तर आहे. आपण पहिला प्रश्न मोठ्या आवाजात विचारतो आणि दुसरा विसरून जातो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेहमी एकाच दिशेला का जाते, हेही पाहण्यासारखे आहे. पेट्या बांधल्या स्वतः मालकाने. पण बोट वळते ते पंक्चरवाल्याकडे, कारण शेवटचा हात त्याचा होता, तो समोर होता, आणि तो गरीब होता. आमच्याकडे कालव्याच्या शेपटाला पाणी कमी आले, की शिव्या पाटकऱ्याला बसतात. वर पाऊस किती झाला, धरणात साठा किती, वाटेत गळती किती, ऊस किती लावला, ह्यांतले काहीच पाटकऱ्याच्या हातात नसते. पण तो चारीवर उभा असतो, आणि कारणे काही चारीवर उभी राहत नाहीत. दोष उताराच्या पाण्यासारखा खाली वाहतो आणि ज्याला तो पुढे ढकलता येत नाही, त्याच्यापाशी साचतो.

कुणी म्हणेल, हे सगळे यंत्राला ठीक. कोनसेटला नियत नसते, माणसाला असते. कारणांच्या मागे लागले, तर कुणीच अपराधी उरणार नाही. हा आक्षेप वजनदार आहे. पंक्चरवाल्याने चाकाचा नट सैल सोडला असता, तर तो दोषीच ठरला असता, आणि पाटकरी रात्री पैसे घेऊन दार उघडत असेल, तर तोही. शोधणे म्हणजे माफ करणे नव्हे. उलट, शोधून दिलेल्या दोषालाच धार असते. न शोधता दिलेला दोष खऱ्या अपराध्याला आडोसा देतो. चुकीच्या माणसाकडून पैसे वसूल केले असते, तरी कोनसेट तसाच राहिला असता, आणि पुढच्या प्रवासात त्याने अधिक मोठी किंमत मागितली असती.

मला अस्वस्थ करते ते निराळेच. मोटारसायकल स्टँडवर घेता येते, चाक अधांतरी फिरवून पाहता येते. संसार, शाळा आणि गाव ह्यांना स्टँड नसतो. ती धावत असतानाच त्यांची परीक्षा करावी लागते. म्हणजे जिथे खात्री करून घेणे सोपे, त्याहून कितीतरी अधिक सावधपणा इथे हवा. आपण नेमके उलटे वागतो. गाडीसाठी अर्धा दिवस खर्च करतो, आणि माणसाचा निकाल उभ्या उभ्या लावतो. रोगाच्या मूळ कारणाच्या शोधाला आपण निदान म्हणतो, आणि ‘कमीत कमी’ ह्या अर्थीही तोच शब्द वापरतो. माणसाला दोष देण्यापूर्वी निदान एवढे तरी त्याच्या वाट्याला यावे.

फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेणारा मुलगा प्रत्येक शाळेत एखादा तरी असतो. त्याला बेफिकीर म्हणतात, घरी कळवतात, घरचे लोक शिक्षकांना नावे ठेवतात. ह्यांतले कोणतेही विधान खरे असू शकेल. पण त्याला आठवडाभर पहिल्या बाकावर बसवावे, आणि दुसरे काहीही बदलू नये. अक्षरे बरोबर येऊ लागली, तर त्याला शिक्षेची नव्हे, चष्म्याची गरज आहे. आली नाहीत, तर पुढची गोष्ट तपासावी. ह्याला काही विद्वत्ता लागत नाही. राग आठ दिवस पुढे ढकलावा लागतो, एवढेच.