अपडेट कुणी थांबवलं?

फोनची काच धड, बॅटरी दिवसभर टिकते, फोटोही छान येतात. तरी एक दिवस त्याचे अपडेट येणे थांबते. नवा फोन खपवायचा असतो म्हणून, असे आपण म्हणतो. तो हेतू असतोच, पण मूळ दुखणे आणखी खोल आहे.

अँड्रॉइड गूगलचे, फोन दुसऱ्या कंपनीचा आणि आतली चिप बहुतेक वेळा तिसरीची. मोडेम, कॅमेरा, ग्राफिक्स चालवणारे ड्रायव्हर चिप कंपनीकडून येतात आणि त्यांचा बराचसा कोड बंदिस्त असतो. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की ते नव्याने जुळवावे लागतात. पण चिप कंपनी जगते नव्या चिपांच्या विक्रीवर. जुन्या चिपसाठी इंजिनिअर राबवायचे पैसे तिला कोण देणार? फोन कंपनीलाही किंमत एकदाच मिळते, चाचण्यांचा खर्च मात्र चालूच राहतो.

तरीही हे जमत नाही असे नाही. नेदरलँड्सच्या फेअरफोन कंपनीचा फेअरफोन 2 हा 2015 साली अँड्रॉइड 5 घेऊन आला. त्यातल्या स्नॅपड्रॅगन 801 चिपची साथ क्वालकॉमने अँड्रॉइड 6 नंतर सोडली. मग या छोट्या कंपनीने, स्वयंसेवी प्रोग्रामरांच्या कामाचा आधार घेत, तोच फोन अँड्रॉइड 7, मग 9, मग 10 वर नेला आणि 2023 पर्यंत सांभाळला. मोठ्या कंपन्यांनी सबब सांगावी, याचा मला म्हणूनच राग येतो. पिक्सेल 8 आणि गॅलॅक्सी एस24 पासून सात वर्षांची हमी आली खरी, पण ती महागड्या फोनांना.

झळ बसते ती वेगळ्याच माणसांना. मुलाचा फोन आईकडे जातो, तिच्याकडून घरकामाच्या मावशींकडे, आणि त्यावरच यूपीआय चालते. अपडेटने नव्या फोनमधले सुरक्षेचे भगदाड बुजवल्याचे जाहीर झाले की तेच भगदाड जुन्या फोनमध्ये कुठे आहे, हे चोरालाही कळते.

युरोपीय संघात 20 जून 2025 पासून लागू झालेल्या नियमांत अपडेटची पाच वर्षे मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून मोजतात. हे मोजमाप मला मोलाचे वाटते, कारण सेलमध्ये जुने मॉडेल घेणाऱ्याची मुदत इतरत्र पहिल्या दिवसापासूनच कापलेली असते. आपल्याकडेही शेवटच्या अपडेटची तारीख खोक्यावर एमआरपीशेजारी छापली पाहिजे. आणि ती उलटल्यावर कंपनीने बूटलोडरचे, म्हणजे दुसरी सिस्टम टाकू न देणारे, कुलूप काढून द्यावे, म्हणजे ज्याला तो फोन पुढे सांभाळायचा आहे त्याला तो सांभाळता येईल.